डाव्या कवाडाचा डोळा

नातीचा वाढदिवस होता म्हणून मला ठाण्याला हॉटेलात नेलं. घोडबंदर रोडला. हॉटेल गावरान जेवणाचं. भिंतीवर कंदील टांगलेले, कोपऱ्यात जातं, जात्याच्या तोंडात प्लास्टिकची फुलं. ज्या वस्तू घरातून गेल्या तेव्हा सुटलो म्हणून हात झटकले, त्या तिथं पुसूनपासून मांडल्या होत्या. मी भाकरी आणि झुणका मागवला. भाकरी बरी होती.

हात धुवायला उठले. स्वयंपाकघराच्या वाटेवर एक जुनं कवाड लावलेलं होतं. दोन कवाडांच्या दारातलं एकच. वाढपी ते खांद्यानं ढकलून आतबाहेर करत होते. फणसाचं लाकूड, वरून चकचकीत पॉलिश. आणि माझ्या डोळ्याच्या उंचीवर, लाकडातली गाठ निखळून पडलेलं रुपयाएवढं भोक. भोकाची कड गाल घासून घासून गुळगुळीत झालेली.

मी ओले हात घेऊन तिथंच उभी राहिले. नात मागून आली.

"आजी, काय झालं? चक्कर येतेय का?"

"हे माझं दार हाय."

"आजी, हळू बोल ना. लोक बघतायत."

"बघू दे. त्यांच्या दाराला हात लावला का मी?"

आता हे दार माझं कसं, ते सांगते.

आमचं गाव साताऱ्याकडच्या डोंगरात होतं. खाली नदी, वर रान, मधे तीस-बत्तीस घरं. धरण का बांधलं, कुणी बांधलं, ते मला विचारू नका. मी तिसरीत होते. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. एवढं आठवतं की एका उन्हाळ्यात सगळा गाव आपापली घरं खोलायला लागला. भिंती मातीच्या, त्या न्यायच्या कशा? पण वासे काढले, आढं काढलं, दारं उतरवली. दारं बिजागरीवर नाही, लाकडी खुंट्यावर फिरायची; ती उचलली की खालून जुनी माती, तांदळाचे दाणे, हरवलेला एखादा मणी असं काय काय निघायचं. आम्ही पोरं घरोघरी ते वेचत फिरलो. माझ्या ओच्यात अकरा मणी जमले होते. इतका मजेचा उन्हाळा मी पुन्हा बघितला नाही. मोठी माणसं रडत होती, पण आम्हाला कुणी ओरडत नव्हतं.

मग ट्रक आले. दारं मोडू नयेत म्हणून सगळ्या गावाची दारं एकाच ट्रकात आडवी रचली, एकावर एक, मधे भाताचा पेंढा. वर आम्हा पोरांना बसवलं. मी माझ्या गावातून दारावर बसून निघाले. ट्रक घाट उतरायला लागला तशी दारं खाली कुरकुरायची आणि आम्ही खिदळायचो. पेंढ्याचा, गेरूचा आणि फणसाच्या लाकडाचा वास होता. फणसाचं लाकूड तापलं की त्याला गोडसर वास येतो. आजही कुठं सुतारकाम चाललेलं असलं की मी रस्त्यात थांबते आणि सुतार विचारतो, "काय हवंय आजी?" मी म्हणते, "काय न्हाई, चालू दे."

आम्हाला कल्याणच्या पुढं टिटवाळ्याच्या बाजूला जागा दिली होती. सपाट माळ. आजूबाजूला आगरी लोकांची भातशेती. जूनचे दिवस तोंडावर आलेले. पहिली गरज भिंती आणि दार, कारण माळावर कोल्ही फिरायची. ट्रकातून दारं उतरवली आणि तिथं आमच्या गावाची चूक झाली. गावात कुणीही दारावर नाव घातलं नव्हतं. कशाला घालतील? आपलं दार आपल्या घराला असतं, एवढं कुणालाही कळतं. पण तीस घरांची दारं, सगळी फणसाच्याच लाकडाची, सगळ्यांना तोच गेरू, पेंढ्यात लोळून सगळी सारखी झालेली. आभाळ भरून आलेलं. ज्याच्या चौकटीत जे बसलं ते त्यानं बसवलं. मग चार महिने पाऊस. दारं पाणी पिऊन फुगली आणि चौकटीत अशी रुतली की खांदा लावल्याशिवाय उघडेनात.

दसऱ्याला उजेड पडला. मी आणि माझी आजी दाराला तोरण बांधत होतो. नाचणीची कणसं आम्ही गावाहून बियाणं म्हणून आणलेली, त्यातली चार तोरणात घातलेली. समोरून बयाक्का आली. बयाक्का म्हणजे गावातली सगळ्यात तोंडाळ म्हातारी. ती दाराच्या खालच्या कोपऱ्याकडं बघत उभी राहिली. तिथं एक चौकोनी भोक होतं. आम्हाला वाटलं होतं, उंदरानं केलं.

"आगं म्हातारे," ती माझ्या आजीला म्हणाली, "हे माझ्या मांजराचं भोक हाय."

"मांजराचं भोक आमच्या दाराला कसं?"

"दार माझं हाय म्हणून! चोरटे!"

"चोरटी कुणाला म्हणतीस? मग आमचं दार कुठाय?"

तेव्हा सगळा गाव दारं तपासत सुटला. बायका तोरणं हातात घेऊन एकमेकींच्या दारासमोर वाकून, बोटं फिरवून, वास घेऊन बघत होत्या. "हे आमचं!" "हे तर वरच्या आळीतलं!" आमचं दार चार घरं सोडून निघालं. डाव्या कवाडावरच्या भोकाला आम्ही डोळा म्हणायचो, तो मी लांबूनच ओळखला. तीस दारांपैकी जेमतेम चार आपापल्या घराला होती. शेजारच्या गावातली एक आगरी बाई आम्हाला तोरणासाठी आंब्याचे टाळे, म्हणजे डहाळ्या, द्यायला आली होती. ती बांधावर उभी राहून हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "सगली येरी झायलीव काय गो तुमी?" येरी म्हणजे वेडी. त्या गावचा हा पहिला शब्द आम्ही शिकलो.

पुरुषांनी सांगितलं, आता दारं फुगलीत, दिवाळीनंतर वाळली की बदलू. दिवाळीनंतर भात कापायला मजुरीवर गेले. मग म्हणाले, होळीनंतर. आमचे पुरुष साठ वर्षं दारं बदलणार होते.

पण तोरणं हातात होती आणि मुहूर्त चालला होता. बयाक्का म्हणाली, "दार तुमच्याकडं राहू दे. पण तोरण मी बांधनार. माझ्या दाराला दुसरीचं तोरण चालायचं न्हाई." तिनं आजीचं तोरण सोडलं आणि आपलं बांधलं. आजीनं ते सोडलेलं तोरण उचललं, मला घेतलं आणि चार घरं सोडून आमच्या दाराला नेऊन बांधलं. तेवढ्यात दुसरी आली, तिसरी आली. त्या दिवसापासून आमच्या वसाहतीत दसऱ्याला कुणीही आपल्या घराला तोरण बांधत नसे. प्रत्येक बाई आपलं दार जिथं असेल तिथं जायची. गेल्यावर चहा घ्यावाच लागायचा. दुपारपर्यंत सगळ्या बायका सगळ्यांच्या घरी जाऊन आलेल्या असायच्या. भांडण कितीही असो, ज्या घरात तुमचं दार त्या घराशी अबोला धरून चालत नसे. बयाक्का मरेपर्यंत आमच्याकडं आली. चहात साखर कमी आहे म्हणायची आणि कप चाटून ठेवायची. तिच्या भोकातून वसाहतीतली सगळी मांजरं आमच्याच घरात यायची.

आवाजाचीही गंमत. प्रत्येक दाराचा आवाज वेगळा. आमचं दार आधी लांब कण्हायचं, मग एक टिचकी वाजवायचं. पहाटे चार घरं पलीकडं ते वाजलं की माझी आजी झोपेतून "कोण हाय?" म्हणून ओरडायची. पलीकडून उत्तर यायचं, "मी हाय, झोप!" ते त्या घरातले आजोबा, शेतात निघालेले. एकमेकांना न बघता त्या दोघांचं हे बोलणं आठ वर्षं चाललं. आजी गेली त्यानंतर काही दिवस ते दार वाजायचं, मग क्षणभर थांबायचं, मग पुढं उघडायचं.

त्या घरात हौसा सून म्हणून आली. मी दहा वर्षांची, ती चौदाची. तिचंही गाव त्याच पाण्यात गेलेलं, पण त्या गावाला जागा दुसरीकडं कुठंतरी मिळाली होती आणि तिच्या घरचं दार कुठं गेलं ते कुणाला माहीत नव्हतं. पहिल्या दसऱ्याला सगळ्या बायका तोरणं घेऊन बाहेर पडल्या आणि हौसा एकटी ओट्यावर बसून राहिली. मी तोरण घेऊन गेले तर ही माझ्याकडं अशी बघते की जशी काय मी तिच्या ताटातलं उचलायला आले.

"तू न्हाई जात?" मी विचारलं.

"कुठं जाऊ? तुझ्या डोंबलावर?"

मी लहान होते, पण मला तिची कीव वगैरे आली नाही. मला तिच्या अंगातलं हिरवं पोलकं आवडलं होतं आणि ती माझ्याशी बोलावी असं वाटत होतं. मी म्हटलं, "डावं कवाड माझं. उजवं तू घे."

"खरंच?"

"डोळा डाव्याला हाय. उजव्याला नुसती कडी हाय."

"कडी तर कडी," ती म्हणाली आणि आत जाऊन झेंडूची फुलं घेऊन आली. त्या दिवसापासून आमच्या दाराला दोन तोरणं. कडी लोंबकळून लोंबकळून त्या उजव्या कवाडावर अर्ध्या बांगडीसारखी खाच पडली. हौसा भाकरीचं पीठ चाळता चाळता त्या खाचेतून बोट फिरवायची.

दुपारी तिची सासू झोपली की मी डाव्या कवाडामागं जाऊन डोळ्याला डोळा लावायची. गावात असताना त्या भोकातून खालची नदी दिसायची, नदीतली होडी दिसायची. इथं समोर माळ, त्यापुढं वीटभट्टीचा धूर, म्हशी आणि एक कडुनिंब. हौसा मागं तांदूळ निवडत बसलेली असायची. ती विचारायची, "काय दिसतंय गं?"

मी सांगायची, "नदी."

"आणि?"

"होडी आली. होडीत एक बाई हाय. डोक्यावर पाटी हाय. पाटीत फणस हाय."

"बाई कशी हाय?"

"गोरी हाय. नाकात मोरणी हाय."

"माझी आई," ती म्हणायची आणि तांदळातला खडा फेकायची. तिच्या आईच्या नाकात मोरणी होती हे तिनंच मला सांगितलेलं. एकदा मी दमून म्हटलं, "आज होडी नाही, नुसत्या म्हशी." तर हौसा म्हणाली, "नीट बघ की, रांडे." मी नीट बघितलं. होडी आली.

पुढं मी उंच झाले. डोळा माझ्या छातीशी आला. तरी कधीमधी मी गुडघे टेकून बघायची. मला भाऊ नव्हता, त्यामुळं नवराच आमच्या घरी राहायला आला. लोक बोलले. बोलू दे. डोंबिवलीच्या कारखान्यात तो कामाला होता, अंगाला रंगाचा वास यायचा, माणूस गमत्या होता. त्याला पहिल्या दसऱ्याला कळेना की बायको तोरण घेऊन दुसऱ्याच्या घरी का चालली. त्यानं सासऱ्याला विचारलं. माझा बाप म्हणाला, "दिवाळीनंतर बदलणार हाय." लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हाही तो मला हे वाक्य ऐकवून हसायचा.

मग वसाहत पाडून तिथं चौदा मजल्यांची इमारत उठली. आम्हाला नवव्या मजल्यावर घर मिळालं. घर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू? संडास घरात, नळाला पाणी, खिडकीतून लांबवर खाडीचा एक तुकडा दिसतो. फक्त दारं सगळी सारखी, तपकिरी, गुळगुळीत. त्यांना खिळा मारायचा नाही, असा सोसायटीचा नियम. मी दोनदा आठव्या मजल्यावर दुसऱ्यांच्या घरात जाऊन बसले. त्यांनी मला सरबत दिलं. जुनी दारं माझ्या मुलानं, दिलीपनं, पाडकामवाल्याला देऊन टाकली. सगळ्यांनीच दिली. चौदा मजल्यांत ती ठेवणार कुठं? दिलीप मला म्हणाला, "आई, वाळवी लागलेली होती." वाळवी लागलेली नव्हती. फणसाला सहसा वाळवी लागत नाही. हौसा मुलाकडं कळव्याला गेली. दोन दसरे मी तोरण केलं नाही. कुणी विचारलं तर सांगितलं, गुडघे दुखतात.

तर हे दार.

नातीनं मॅनेजरला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, गढवालकडचा, पोट सुटलेलं, बोलायला नरम. त्याला वाटलं मी दार परत मागते आहे. तो म्हणाला, "माताजी, ये तो इंटीरियरवालों ने लगाया है. दे नहीं सकते."

मी माझ्या हिंदीत सांगितलं, "हमको दरवाजा नहीं मंगता. ठेवनेको जगा किधर है? हमको एक दिन मंगता. दसरेका."

मग नातीनं त्याला सगळी गोष्ट सांगितली, तीस दारांची. तो हसला नाही. म्हणाला, "हमारे गाँव में उल्टा है, माताजी. दरवाज़े सब अपनी जगह हैं, ताले लगे हैं. आदमी कोई नहीं." मग कवाडाला हात लावून म्हणाला, "दसरे को आइए. सुबह-सुबह, भीड़ से पहले."

दसऱ्याला आठच दिवस होते. मी घरी येऊन हौसाला फोन केला.

"कवाड सापडलं."

"कुठलं?"

"डावं."

ती म्हणाली, "आणि उजवं?"

"न्हाई दिसलं. पण दसऱ्याला ये, घोडबंदर रोडच्या गावरान हॉटेलात."

"मग मी कशाला येऊ? तुझं कवाड बघायला? माझे गुडघे काय फुकट आल्यात?"

"भाकरी बरी असते," मी म्हटलं.

"घरी न्हाई होय भाकरी?" तिनं फोन ठेवला.

खरं सांगते, त्या आठ दिवसांत मला माझं दार सापडल्याचा आनंद नीट घेता आला नाही. एका कवाडाला तोरण बांधायचं म्हणजे साठ वर्षांपूर्वी हौसाला दिलेलं परत घेतल्यासारखं. मी नातीला म्हटलं, "नको जाऊ या." ती म्हणाली, "आजी, मी सुट्टी टाकलीय. नाटकं नको करूस." कल्याणच्या बाजारातून झेंडू आणला, आगरी शेजारणीनं भाताच्या लोंब्या दिल्या, नाचणीची कणसं एका किराणावाल्यानं कुठून तरी आणून दिली.

आम्ही भल्या सकाळी निघणार होतो, पोचलो जेवणाच्या वेळेला. ठाण्याचा रस्ता तो. हॉटेल भरलेलं. आणि दाराशी रिक्षातून उतरत होती हौसा, हातात काठी, काठीला पिशवी, पिशवीतून झेंडू डोकावत होता.

"कशाला आलीस?" मी विचारलं.

"भाकरी खायला."

तिनं डावं कवाड बघितलं, डोळ्यात बोट घातलं, पॉलिशला नाक मुरडलं. "बिजागऱ्या घातल्यात. आवाज मारला त्याचा." मग ती हॉटेलभर फिरायला लागली. भिंतीवरची दारं, कोनाड्यातली फळी, सगळ्यावर हात. मॅनेजर मागं मागं. मधल्या रांगेत एक कुटुंब जेवत होतं, आई, बाप, दोन पोरी. टेबल जाड फळ्यांचं, वर काच. हौसा त्यांच्यापाशी जाऊन थांबली आणि वाकली.

"ताटं उचला."

"अहो आजी, आमचं जेवण चाललंय!" तो बाप म्हणाला.

"जेवा की. कोण नको म्हणतंय? नुसती ताटं उचला."

तिच्या तोंडाकडं बघून चौघांनी ताटं उचलली. आमटीची वाटी एका पोरीनं दुसऱ्या हातात धरली. काचेखाली, पॉलिशखाली, अर्ध्या बांगडीसारखी खाच होती. हौसानं काचेवरून तिच्यावर बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"ही माझी कडी," ती त्या पोरींना म्हणाली. "आता ठेवा ताटं. गार होईल."

टेबलाला तोरण कसं बांधतात ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी कडेनं बांधलं. झेंडू जेवणाऱ्यांच्या गुडघ्यांना लागत होता. त्या पोरींच्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही पोरींना गाठी मारायला लावल्या. मॅनेजरनं काचेवर हळदकुंकू लावू दिलं आणि स्वतःच्या कपाळालाही लावून घेतलं. बयाक्काचं दार काही सापडलं नाही. ज्याच्याकडं असेल त्याच्या घरात मांजरं झाली असतील.

मग मी माझं तोरण डाव्या कवाडाला बांधलं. वाढपी ताटं घेऊन दोन मिनिटं थांबले. बांधून झालं आणि माझ्या लक्षात आलं की मी वाकलेली नाही, गुडघे टेकलेले नाहीत, तरी डोळा माझ्या डोळ्यासमोर आहे. पाठीला पोक आलं, तेवढी मी खाली आले. दहा वर्षांची होते तेव्हा जेवढी होते तेवढी. मी भोकाला डोळा लावला.

मागून हौसानं विचारलं, "काय दिसतंय गं?"

आत मोठी शेगडी होती. शेगडीपाशी एक काळीसावळी बाई बसलेली, बिदरकडची असावी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, हातावर पीठ. तिनं तव्यावरची भाकरी जाळावर टाकली.

"भाकरी फुगली," मी म्हटलं.

"खरं सांग."

"खरं सांगते. टम्म फुगली."

"मग माग की दोन," हौसा म्हणाली.